माझे पहिले परीक्षक

पुस्तक छापून दुकानात आले आणि कोणीतरी रविवारच्या पुरवणीत त्यावर चार परिच्छेद लिहिले, की त्याला आपण परीक्षण म्हणतो. पण खरे परीक्षण त्याच्या बरेच आधी होऊन गेलेले असते. लेखन अजून वहीतच असते, समासात बाण काढून घुसडलेली वाक्ये असतात, आणि लिहिणारा ती वही कोणाच्या तरी हाती देऊन त्याच्या चेहऱ्याकडे चोरून बघत असतो. या पहिल्या वाचकांचे किती ऐकावे आणि किती सोडून द्यावे, याविषयी मोठ्या लेखकांनी काय ठरवले असेल ते असो. या वर्षी तो प्रश्न माझ्यापुढेच येऊन उभा राहिला. दोनशेपानी दोन वह्या भरून मी एक गोष्ट लिहिली. तिला कादंबरी म्हणण्याचे धाडस प्रथम आमच्या मराठीच्या सरांनी केले, म्हणून मीही करते.

कादंबरी हेरकथा आहे, आणि ती घडते ती न घडलेल्या इतिहासात. ‘असे झाले असते तर’ या जातीची.

या जातीचे लेखन मराठीत फार नाही. पण जे आहे त्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा डॉ. जयंत नारळीकरांची, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका निराळ्याच मुंबईत जाऊन पोचतात. तिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे आणि पानिपतावर मराठे जिंकलेले आहेत. टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पुस्तके चाळता चाळता त्यांना कारण सापडते. १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून गेलेली असते. एवढाच फरक. गोळी थोडी इकडची तिकडे झाली आणि हिंदुस्थानचा नकाशा बदलला.

कथा लिहिणाऱ्या नारळीकरांनी आपल्या पहिल्या परीक्षकांची जी व्यवस्था केली, ती मला कथेइतकीच आवडते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. तेव्हाही ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. नाव पाहून कोणी भुलू नये म्हणून त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतले, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा मंगलाताईंनी आपल्या हाताने उतरवून काढली. पहिले बक्षीस त्या अनोळखी जगतापांना मिळाले. पुढे १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडेच आले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी विश्वाचा अभ्यासक गेला असे लिहिले. मला मात्र आठवला तो दुसऱ्याच्या नावाने, दुसऱ्याच्या अक्षरात आपली गोष्ट पाठवून निकालाची वाट पाहणारा लेखक.

मला नाव लपवायची गरजच नव्हती. बोर्ली पंचतनात माझे नाव घेऊन कोणी भुलेल अशी परिस्थिती नाही. माझी अडचण उलटी होती. माझे परीक्षक मला लहानपणापासून ओळखत होते.

गोष्टीचे मूळ आमच्या दाराशीच आहे. बोर्लीहून दिघीला जावे, दिघीहून होडीत बसावे, की थोड्याच वेळात जंजिऱ्याचा तट पाण्यातून वर आलेला दिसतो. आमचा सारा श्रीवर्धन तालुका सिद्दीच्या जंजिरा संस्थानात होता, तो १९४८ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन होईपर्यंत. शिवाजी महाराजांना जंजिरा घेता आला नाही, संभाजी महाराजांनाही नाही. १६८२ साली संभाजी महाराज स्वतः राजपुरीला आले. खाडीत दगडांचा भराव घालून किल्ल्यापर्यंत वाट बांधण्याचे काम त्यांनी सुरू केले. पण तिकडे मोगलांची फौज कल्याणच्या बाजूने उतरली आणि त्यांना परतावे लागले.

त्याच मोहिमेतला एक माणूस कोंडाजी फर्जंद. १६७३ साली अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा हाच तो वीर. महाराजांशी बिनसल्याचे सोंग करून तो जंजिऱ्यात सिद्दीच्या चाकरीला राहिला. संधी साधून दारूचे कोठार उडवून द्यायचे, असा बेत होता. पण बेत फुटला आणि कोंडाजी मारला गेला. एका दासीमुळे तो फुटला, असे सांगतात. त्या दासीचे नाव मात्र मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नव्हते.

माझी कादंबरी इथून सुरू होते. माझ्या कादंबरीत ती दासी सांगत नाही.

पहिली वही मी इतिहासाच्या मॅडमना दिली. आठवड्याने त्यांनी मला स्टाफरूमबाहेर थांबवले आणि विचारले, “जंजिरा पडला, ठीक. आता श्रीवर्धनच्या भटांचं काय करतेस?” मला चटकन समजले नाही. मग त्यांनी पेन काढून वहीच्या मागेच वंशावळ मांडली. सिद्दीच्या जाचाने बाळाजी विश्वनाथ भटांनी श्रीवर्धन सोडले, वरघाटी गेले, आणि १७१३ साली पेशवे झाले. त्यांचे पुत्र थोरले बाजीराव, बाजीरावांचे नानासाहेब, नानासाहेबांचे विश्वासराव. “जंजिऱ्यात सिद्दीच उरला नाही, तर बाळाजीपंत घर सोडतील कशाला? ते गेले नाहीत तर पेशवाई भटांच्या घरी येत नाही, आणि पानिपतावर विश्वासरावच नसतात. तुझ्या गंगाधरपंतांना गोळी कानाजवळून घालवायची गरजच नाही.” एवढे बोलून त्या तासाला निघून गेल्या. नारळीकरांच्या कथेतले दोर आमच्या तालुक्यातून निघतात हे मला त्या दिवशी कळले, आणि दिवसभर माझे लक्ष कशात लागले नाही. तरीही ही सूचना मी घेतली नाही. माझी कादंबरी १६८३ च्या पावसाळ्यात संपते. पुढचे शतक अंगावर घेण्याची माझी छाती नाही आणि इच्छाही नाही.

मराठीच्या सरांचा अभिप्राय दोन ओळींचा होता. “वेग चांगला. विशेषणे निम्मी करावीत.” विशेषणे निम्मी केली. शिवाय त्यांनी ग्रंथालयातून तीन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहून दिली. फिलिप डिक यांचे ‘द मॅन इन द हाय कॅसल’ १९६२ चे, लेन डायटन यांचे ‘एसएस-जीबी’ १९७८ चे, आणि रॉबर्ट हॅरिस यांचे ‘फादरलँड’ १९९२ चे. तिन्हींमध्ये दुसरे महायुद्ध हिटलरने जिंकलेले आहे आणि त्या जगात कोणीतरी एक साधा माणूस सत्याच्या मागे लागला आहे. शब्दकोश शेजारी ठेवून मी त्यांतले एक पुरे केले. एक गोष्ट ध्यानात आली. या पुस्तकांत इतिहास भलामोठा बदललेला असतो, पण वाचकाला धरून ठेवतो तो त्या बदललेल्या जगात सकाळी उठून कामाला जाणारा माणूस.

वर्गातल्या मित्रमंडळींचा अभिप्राय एका प्रश्नात सामावला होता. वही हातात घेताच, पहिले पान न उलटता, प्रत्येकाने तोच विचारला. “राजे वाचतात ना?” १६८९ साली संगमेश्वरी जे घडले ते मराठी माणसाच्या मनात अजून ओले आहे. जंजिरा जिंकून दिला म्हणजे पुढचे सारे आपोआप टळेल, असे वाटणे साहजिक आहे. मलाही लिहिताना तसे वाटून गेले. पण औरंगजेब दख्खनेत उतरला तो जंजिऱ्यासाठी नव्हे. एक किल्ला हाती आल्याने त्याची फौज माघारी गेली नसती. एक खिळा बदलला की साऱ्या घराचे वासे बदलत नाहीत. मी हे समजावून सांगितले, तेव्हा एक जण म्हणाला, “मग बदललंस कशाला?” त्याला देण्याजोगे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते.

माझी एक मैत्रीण किनाऱ्यावरच्या मुसलमान मोहल्ल्यातली आहे. आम्ही पाचवीपासून एका बाकावर. तिने दोन्ही वह्या एका रात्रीत वाचल्या आणि सकाळी एस.टी.त शेजारी बसून म्हणाली, “किल्ल्यात माणसं किती राहायची गं?” मी म्हटले, शेकड्यांनी असतील. ती म्हणाली, “तुझ्या किल्ल्यात फक्त सिद्दी आहे, त्याचे पहारेकरी आहेत आणि ती दासी आहे. बाकीचे कुठे गेले? भाकऱ्या कोण भाजायचं? पाणी कोण भरायचं? पोरं नव्हती का?” तिच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मनात राहिले.

बाबांचा अभिप्राय मिळवणे अवघड गेले. बाबा सातवीपर्यंत शिकले, आता लोकांच्या वाड्यांत नारळ-सुपारी उतरवतात. पण तरुणपणी ते वाचत असत. गुरुनाथ नाईक, बाबूराव अर्नाळकर, सुहास शिरवळकर. अर्नाळकरांच्या आणि नाईकांच्या रहस्यकथा प्रत्येकी हजाराच्या वर भरतात. मुखपृष्ठे फाटलेली, पाने तेलकट झालेली ती पुस्तके भाड्याने मिळत आणि हातोहात फिरत. त्यांवर रविवारच्या पुरवणीत कोणी फारसे लिहीत नसे. पुस्तक चांगले की वाईट, हे ते किती हातांतून फिरून आले त्यावर ठरे. असा वाचक घरात असून आपण त्याला सोडून सरांकडे आणि मॅडमकडे गेलो, याचे बाबांना थोडे वाईट वाटले असावे. त्यांनी वही चार रात्री वाचली. मग म्हणाले, “मस्त आहे. पण तो दारूचा स्फोट फार रंगवलायस.” मी म्हटले, रहस्यकथेत स्फोट नको? ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्या किनाऱ्याचं नाव एकदा त्यातच निघालंय.”

ते कशाविषयी बोलत होते ते आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यांच्या आधी स्फोटके उतरवली गेली ती आमच्याच तालुक्यात, दिघीला आणि शेखाडीला. बाबा तेव्हा शाळकरी वयाचे होते. माझ्या पिढीला त्या गावांची नावे फलाटाच्या आणि समुद्रकिनाऱ्याच्या पाट्यांवरून माहीत, त्यांच्या पिढीला ती बातम्यांवरून. हेरकथा वाचणाऱ्या माणसाला स्फोट हवाच असतो, हे गणित मी कोठल्याशा पुस्तकावरून मांडले होते. या वाचकाने ते आपल्या किनाऱ्यापुरते नाकारले.

राहिली आई. आईला वाचायला वेळ नसतो आणि अक्षरही भराभर लागत नाही. हंगामात ती सुपारी सोलायला जाते, घरीही पोते घेऊन येते. आमची श्रीवर्धनी रोठा सुपारी प्रसिद्ध आहे, पण ती सोलणाऱ्या बोटांना प्रसिद्धी नाही. संध्याकाळी ती सोलत बसे आणि मी वाचून दाखवी. असे अकरा दिवस चालले. मध्ये ती काही बोलली नाही. एकदा फक्त हसली, ती सिद्दीच्या एका कारभाऱ्याच्या बोलण्याला. “अगदी आमचा शेट,” म्हणाली.

शेवटचे पान झाल्यावर तिने विचारले, “ती पोरगी गप्प का बसली?”

मी ते मुद्दामच मोकळे ठेवले होते. नारळीकरांच्या कथेत गोळी का चुकली हे कोणी विचारत नाही. गोळी ती गोळीच. माझ्या कादंबरीतही ते मौन तसेच असावे, आपोआप घडलेले, अशी माझी कल्पना होती. शिवाय जिचे नावही मला कुठे सापडले नाही, तिच्या मनात काय होते हे मी कोण सांगणार? हे मी आईला सांगितले.

“नाव नाय म्हणून पोट नव्हतं का तिला?” आई म्हणाली. हात चालूच होते. “दुसऱ्याच्या घरात राबणाऱ्या बाईला सगळं ऐकू येतं. ती बोलली तर कुणाच्या तरी जिवासाठी बोलते, आणि गप्प बसली तर तेही कुणाच्या तरी जिवासाठीच. राज्य याचं आलं काय नि त्याचं गेलं काय, भांडी तिलाच घासायचीत.”

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. आमच्याकडे ‘असे झाले असते तर’ हा खेळ कोणाला शिकवावा लागत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले. ते मुंबईवर जाईल अशी सगळीकडे धास्ती होती. प्रत्यक्षात ते दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगावर आले, आणि पिढ्यान्पिढ्यांच्या सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. मुंबई वाचली म्हणून सारा देश सुटकेचा श्वास घेत होता, तेव्हा आमच्या घराचे कौल शेजारच्या विहिरीत होते. वाटेतली थोडी कलाटणी, आणि कोणाचे काय व्हायचे ते ठरून गेले. वादळाला कोणी जाब विचारत नाही, गोळीलाही नाही. माणसाला मात्र विचारता येतो. माझ्या कादंबरीत इतिहास वळवणारी गोळी नव्हती, वादळ नव्हते. एक काम करणारी मुलगी होती. तिला गोळीसारखी वागवायची की माणसासारखी, एवढेच आई विचारत होती.

दुसऱ्या वहीच्या शेवटी बारा पाने कोरी होती. ती मी भरली. त्या नव्या प्रकरणात कोठाराला लागून मुदपाकखाना आहे, आणि तिथे त्या दासीची धाकटी बहीण भाकऱ्या भाजते आहे. तिच्याबरोबर आणखी तीस-चाळीस बायका आणि पोरे आहेत. कोठार उडाले तर पहिली तीच जातील. आता दासीपुढे दोन वाटा आहेत. सिद्दीला सांगावे, तर कोंडाजी मरतो. गप्प बसावे, तर बहीण मरते. बहुधा खऱ्या इतिहासातली ती दासी अशाच एखाद्या पेचातून बोलली असेल, असे मला आता वाटते. ही माझी कल्पना आहे, पुरावा नाही. माझ्या गोष्टीतली दासी तिसऱ्याच वाटेने जाते. ती सिद्दीकडे जात नाही, कोंडाजीकडे जाते. कोठाराला बत्ती लावायची नाही या बोलीवर ती त्याला पाण्याकडचा दरवाजा दाखवते. जंजिरा स्फोटावाचून पडतो.

मैत्रिणीने विचारलेली माणसे त्या प्रकरणात आली. बाबांना नको असलेला स्फोट गेला. आणि ‘मग बदललंस कशाला’ म्हणणाऱ्यालाही मला आता काही सांगता येईल. राजांचे नशीब बदलावे म्हणून मी इतिहास बदलला नाही. जिला इतिहासाने ‘एक दासी’ म्हणून सोडून दिले तिला एकदा तरी स्वतः ठरवू द्यावे, म्हणून बदलला. आमच्या घराण्यातही असे पुष्कळ ‘एक मजूर’ आणि ‘एक बाई’ होऊन गेले असतील. त्यांच्यापैकी कोणाचे काय हुकले आणि कोणी काय वाचवले, हे कोणत्या बखरीत सापडणार?

पहिल्या वाचकांचे किती ऐकावे, याचे माझ्यापुरते उत्तर असे झाले. त्यांनी सुचवलेला इलाज बहुतेक वेळा घेता येत नाही. पण प्रत्येक जण वाचताना जिथे थबकतो ती जागा खरी असते, कारण तिथे त्याचे स्वतःचे काहीतरी अडकलेले असते. मॅडम वंशावळीपाशी थांबल्या, बाबा स्फोटापाशी, मैत्रीण चुलीपाशी. नारळीकरांनी नाव लपवून जे मिळवले, ते मला नाव न लपवता मिळाले. माझ्या भिडेखातर कोणी खोटे बोलले नाही.

नवे प्रकरण आईला वाचून दाखवले. तिने सुपारी खाली ठेवली, पाटीतल्या साली झटकल्या आणि विचारले, “मग पुढे त्या दोघी बहिणींचं काय झालं?”

वह्या आता मराठी विभागाच्या कपाटात आहेत. ज्याला वाचायच्या असतील त्याने सरांकडून न्याव्यात आणि जिथे थबकाल तिथे समासात पेन्सिलीने खूण करावी. दुसऱ्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला एक प्रश्न आधीच लिहिलेला दिसेल. अक्षर माझे आहे, प्रश्न आईचा.